खैऱ्याची भाऊबंदकी

बगिच्याची डाक : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : बाळापूर तालुक्यात माझी कागदी लिंबाची 240 झाडं आहेत, नऊ वर्षांची. दोन पावसाळ्यांपासून खैऱ्या रोग हटता हटत नाही. पानं, काटे, फांद्या, फळं, जिथे पाहावं तिथे फोड. भाव पडलेला असला की डागी लिंबाकडे व्यापारी ढुंकूनही पाहत नाही. धुऱ्याला लागून चुलतभावाचा संत्रा आहे, त्यावर मात्र शोधूनही डाग सापडत नाही. कृषी केंद्रवाला म्हणतो, "काका, हा नवा स्ट्रेन आहे, जुनी औषधं याच्यावर चालत नाहीत," आणि दर खेपेला वेगळी बाटली देतो. हा नवा स्ट्रेन म्हणजे नेमकं काय असतं? आणि तो माह्याच बगिच्यात काऊन आला?

उत्तर : भाऊ, तुमची पानं पोचली. प्लास्टिकच्या पिशवीत घातली होती, म्हणून निम्मी वाटेतच सडली; पुढल्या वेळी जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून पाठवा. उरलेल्या पानांवर खैऱ्याच आहे, त्यात वाद नाही. पानाच्या दोन्ही बाजूंनी वर आलेला फोड, मध्ये खरखरीत खड्डा, भोवती पिवळं कडं. प्रयोगशाळेत 31 वर्षं नमुने तपासून निवृत्त झालो, आता मोर्शीकडे साडेचार एकर बगिचा पाहतो. पण खैऱ्याचं पान आजही डोळे मिटून बोटानेच ओळखता येतं.

आधी चुलतभावाच्या संत्र्याचं बोलू. त्याचा नि तुमचा जंतू वेगळा असलाच पाहिजे असं नाही. कागदी लिंबू खैऱ्याला फार लवकर बळी पडतं आणि आपला नागपुरी संत्रा त्याला सहसा दाद देत नाही. एकाच पावसात दोघं भिजले, एकाला सर्दी झाली, एवढंच. त्यामुळे निव्वळ धुऱ्याकडे पाहून "नवा स्ट्रेन" म्हणणाऱ्याला मी तरी शाबासकी देणार नाही.

पण प्रश्न खुळा नाही, उलट यंदाच्या डाकेतला सगळ्यात चांगला प्रश्न तोच आहे. स्ट्रेन म्हणजे एकाच जंतूच्या घराण्यातली वेगळी शाखा. खैऱ्याचा जंतू, झॅन्थोमोनास सिट्री, एक असला तरी एकसारखा नाही. त्याचे किमान तीन प्रकार माहीत आहेत. 'ए' प्रकार जगभर पसरलेला, लिंबूवर्गातल्या जवळजवळ सगळ्या झाडांना लागणारा. 'ए-स्टार' हा मुख्यत्वे कागदी लिंबाला धरणारा. तो सौदी अरेबिया, ओमान, इराण या पट्ट्यातून शास्त्रज्ञांच्या हाती आला आणि भारतातही आहे. तिसरा 'ए-डब्ल्यू', फ्लोरिडात लिंबावर सापडलेला. हे तिघं लिंबाच्या पानावर उभे केले तर मलाही वेगळे सांगता येणार नाहीत, तुमच्या कृषी केंद्रवाल्याची तर गोष्टच सोडा. फरक कळतो तो दुसऱ्या झाडावर टोचून पाहिलं की. 'ए-डब्ल्यू' ग्रेपफ्रूटच्या पानात टोचला तर पान त्याला लगेच ओळखतं आणि तेवढीच जागा स्वतःहून मारून टाकतं. जंतू तिथेच अडकतो. ज्या एका जीनमुळे त्याची ही ओळख पटते, तो जीन त्याच्यात आहे आणि नेहमीच्या 'ए'मध्ये नाही.

आता एकाच प्रकारातले जंतूही कसे वेगळे करतात ते सांगतो, कारण "स्ट्रेन" शब्दाची खरी गंमत तिथे आहे. पोळ्याला बैलाच्या गळ्यात घुंगरमाळ घालतो ना? समजा गावातले सगळे बैल पांढरे, सारख्या शिंगांचे, सारख्या उंचीचे. तरी माळेतले घुंगरू मोजले की हा अमक्याचा, तो तमक्याचा हे कळेल. जंतूच्या डीएनएत अशा काही जागा असतात जिथे अक्षरांचा एक छोटा तुकडा पुन्हा पुन्हा ओवलेला असतो. कुठे पाच वेळा, कुठे नऊ, कुठे चौदा. पिढ्या बदलताना हे घुंगरू गळतात, वाढतात. अशा दहा-पंधरा जागांचे आकडे मांडले की त्या जंतूची ओळख तयार होते आणि दोन गावांतले नमुने सख्खे की चुलत हे सांगता येतं. या जंतूची एक संपूर्ण पोथी, 306 नावाच्या ब्राझीलमधल्या नमुन्याची, 2002 मध्ये वाचून झाली. सुमारे 52 लाख अक्षरांची. त्यामुळे घुंगरू कुठे शोधायचे हे आता ठाऊक आहे.

असे घुंगरू मोजल्यावर जे दिसलं ते आपल्यासाठी महत्त्वाचं आहे. जगभर खैऱ्या पसरला तो मुख्यतः एकाच घराण्याचा, पण भारताच्या बाजूला वैविध्य जास्त. याचा अर्थ गावात राहणाऱ्याला लगेच कळावा. मूळ गावी एका आडनावाची चाळीस घरं असतात, त्यांत भाऊबंदकी, तंटे, धाकटी पाती, थोरली पाती. त्यातलाच एकजण पोटापाण्यासाठी सुरतेला गेला तर तिथे त्या आडनावाचं एकच घर, आणि पुढची सगळी त्याचीच पोरं. खैऱ्याचं आडनाव आपल्या अंगणातलं आहे. 1933 मध्ये फॉसेट आणि जेन्किन्स या दोघा शास्त्रज्ञांनी लंडनजवळच्या क्यू उद्यानातल्या जुन्या वाळवलेल्या पानांचा संग्रह चाळला, तेव्हा 1827 ते 1831 या काळात भारतात गोळा केलेल्या महाळुंगाच्या पानांवर त्यांना खैऱ्याचे फोड दिसले. म्हणजे पेशवाई बुडून दहा-बारा वर्षं झाली होती तेव्हाही हा होताच. अलीकडे तर मॉरिशसमधल्या 1937 च्या वाळक्या पानातून या जंतूचा डीएनए काढून वाचला गेला, 2021 मध्ये ते प्रसिद्ध झालं. वाळकं पान कचऱ्यात टाकण्याआधी मी आता दोनदा विचार करतो, घरचे हसतात.

तेव्हा "नवा" स्ट्रेन हा शब्द मला खटकतो. तुमच्या बगिच्यात नवा असेल, इथे तो नवा नाही. आणि तुमच्याकडे आला असेल तर बहुधा रोपांबरोबर आला. पावसाचे थेंब नि वारा त्याला झाडावरून झाडावर, फार तर शेजारच्या वावरात नेतात. ताशी तीस किलोमीटरच्या आसपास वारा आणि सोबत पाऊस असला की जंतू पानाच्या रंध्रांतून सरळ आत ढकलले जातात. पण तालुका ओलांडायचा असेल तर त्याला टेम्पो लागतो. नऊ वर्षांपूर्वी रोपं कुठून आणली, आणि गेल्या दोन-तीन वर्षांत मेलेल्या झाडांच्या जागी नांग्या कुठून भरल्या, हे मला कळवा. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला जास्त हवं आहे. मी स्वतः एकदा वीस रुपये स्वस्त मिळतात म्हणून एका नर्सरीतून 60 लिंबं उचलली होती. पिशव्या उतरवताना तीन रोपांच्या काट्यावर फोड दिसले, ती तीन फेकली आणि 57 लावली. रोगशास्त्राच्या माणसाने! त्या पावसाळ्यात झाडांची पूर्ण ओळ रोगाने पेटली.

औषधाचं. तांबं अजून चालतं. 10 लिटर पाण्यात 30 ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराइड, किंवा घरी केलेलं एक टक्का बोर्डो मिश्रण : 1 किलो मोरचूद, 1 किलो कळीचा चुना, 100 लिटर पाणी. दोन्ही वेगळे विरघळवून मग एकत्र करा, त्यात स्वच्छ घासलेला विळा बुडवा. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला, अजून घाला. फवारणीआधी, मे संपण्याच्या आत, फोड असलेल्या फांद्या छाटून जाळा. झाडाखाली ढीग करून ठेवू नका. नवतीवर, म्हणजे नव्या पालवीवर, नागअळी असेल तर तिचा आधी बंदोबस्त करा, कारण तिने पोखरलेल्या पानात खैऱ्याला आयतं दार मिळतं.

दर खेपेला वेगळी बाटली मात्र थांबवा, विशेषतः त्यात प्रतिजैविक असेल तर. वैविध्याचा खरा धोका इथेच आहे. लाखो जंतूंत दोन-चार असे असतातच ज्यांना औषध लागत नाही. बाकीचे मेले की रान त्यांचंच. तांब्याला न जुमानणारा खैऱ्या अर्जेंटिनात 1990 च्या दशकातच नोंदला गेला. तांब्यापासून वाचवणारे जीन प्लाझमिड नावाच्या सुट्या गोल तुकड्यावर असतात आणि एक जंतू दुसऱ्याला तो तुकडा देऊ शकतो, शेजारी विरजण देतात तसा. तुमच्याकडे ते झालंय असं मी म्हणत नाही. बोर्डो नीट करून, वेळेवर, पानाच्या दोन्ही बाजूंना मारूनही फोड वाढले तरच तो संशय घ्यायचा.

प्रश्न : आमचा संत्रा साडेतीन एकर, अकरा वर्षांचा, वरुड तालुका. खाली जंबेरी लिंबाचा खुंट, वर संत्र्याचं कलम. 27 झाडं पिवळी पडून राहिली आहेत, फळ लहान, एका बाजूने बसकं. मुलाने तीन झाडांची पानं ग्रीनिंग रोगासाठी तपासायला दिली. दोन निगेटिव्ह, एक पॉझिटिव्ह. मला तर तिन्ही झाडं सारखीच दिसतात. आमचे हे म्हणतात, तपासणीच खोटी. मुलगा म्हणतो, जंतूचा जीन बदलला असेल म्हणून मशीनला सापडला नाही. मी कोणाचं ऐकू?

उत्तर : ताई, दोघांचं थोडं थोडं ऐका, पण झाडाचं जास्त.

मुलाची शंका हुशारीची आहे, म्हणून तिचं आधी. ग्रीनिंगचा जंतू, कँडिडेटस लिबेरिबॅक्टर एशियाटिकस, यातही वैविध्य आहे. नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी देशभरातल्या रोगट झाडांचे नमुने घेऊन त्यांचे घुंगरू मोजले, 2015 मध्ये ते काम प्रसिद्ध झालं. इथले जंतू एका छापाचे नाहीत हे त्यात स्पष्ट दिसलं. (घुंगरू म्हणजे काय ते वरच्या उत्तरात आहे.) पण रोग आहे की नाही हे तपासताना कोणी घुंगरू मोजत नाही. तपासणीसाठी सहसा डीएनएची अशी जागा निवडतात जी सगळ्या भावकीत सारखीच असते, कारण ती बदलली तर जंतू जगूच शकत नाही. प्रथिनं बनवण्याच्या यंत्राचा सांगाडा ज्या जीनमध्ये लिहिला आहे ती. वंशावळ काढायची तर बदलणारी जागा पाहायची, हजेरी घ्यायची तर न बदलणारी. त्यामुळे "जीन बदलला म्हणून सापडला नाही" हे तुमच्या दोन झाडांबाबत फारसं संभवत नाही.

मग निगेटिव्ह का? हा जंतू फक्त झाडाच्या अन्नरसाच्या नळ्यांत राहतो आणि तिथेही सगळीकडे सारखा पसरत नाही. एक फांदी भरलेली, शेजारची रिकामी. मुलाने पानं कुठली तोडली असतील? हाताला लागतील ती, सावलीच्या बाजूची. पुढल्या वेळी झाडाच्या चारही बाजूंची, जिथे पिवळा चट्टा दिसतो त्याच फांद्यांची पक्की पानं देठासकट घ्यावीत. आणि एप्रिल-मेमध्ये देऊ नका. आपल्याकडच्या 44-45 अंशांत पानांतली जंतूंची संख्या घटते. दिवाळीनंतर, थंडीत द्या.

यजमानांचं एवढंच बरोबर की निगेटिव्ह कागद म्हणजे निरोगी झाडाचा दाखला नव्हे.

आता झाडाचं. एक पिवळं पान तोडून सूर्याकडे धरा. मधली शीर हा धुरा समजा. धुऱ्याच्या दोन्ही अंगांना पिवळेपणाची नक्षी सारखी असेल, शिरांच्या मधोमध, तर बहुधा जस्त कमी. आपल्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीत ते नेहमीचंच. एका अंगाला एक चट्टा, दुसऱ्या अंगाला भलतीकडेच, असा बेंगरूळ पिवळेपणा असेल तर ग्रीनिंगचा संशय घ्या. बसकं फळ मधोमध उभं कापा, त्यात काळपट, पोचट बिया निघाल्या आणि देठाकडून रंग येऊन टोकाकडे हिरवं राहत असेल, तर संशय अजून पक्का. एक घरगुती चाचणीही आहे. बारीक सँडपेपरने पान घासा, तो सँडपेपर थोड्या पाण्यात खळबळा आणि त्यात औषध दुकानातल्या टिंक्चर आयोडिनचे एक-दोन थेंब टाका. नळ्या तुंबल्याने ग्रीनिंगच्या पानात पिठूळ सत्त्व साचलेलं असतं, पाणी काळं-निळं होतं. शेजारच्या चांगल्या झाडाचं पानही तसंच करून पाहा, नाहीतर तुलना कशाशी? हा इशारा झाला, निकाल प्रयोगशाळेचाच.

हे मी एवढ्या तपशिलाने सांगतो आहे कारण मी हे एकदा चुकलो आहे. वडिलांनी एका नातेवाइकाच्या बगिच्यातल्या सगळ्यात लदबदलेल्या झाडाची डोळकाडी, म्हणजे कलमाचे डोळे काढायची फांदी, आणून 140 कलमं बांधली. आठव्या वर्षी झाडं पिवळी पडायला लागली. मी नुकताच खात्यात लागलेला, अंगात शिक्षणाचं वारं. तीन वर्षं झिंक सल्फेट मारलं. वडील एवढंच म्हणाले, "अरे, एका मायचीच हे सगळी लेकरं, मायलेच पाह्यलं असतं तं?" तोवर नातेवाइकाचं ते झाड वाळून सरपणात गेलं होतं.

त्यांच्या त्या बोलण्यात संत्र्याची अर्धी कुंडली आली. डोळा भरून केलेली सगळी झाडं मूळ एकाच झाडाचे तुकडे. जंबेरीचा खुंट बियांपासून असला तरी त्याच्या एका बीतून एकाहून जास्त रोपं निघतात आणि त्यातली बहुतेक आईची हुबेहूब नक्कल असतात. म्हणजे वर एकसारखं, खाली एकसारखं, साडेतीन एकरांत जणू एकच झाड हजार वेळा. जंतू मात्र चाळीस घरांचा. त्यातल्या एखाद्याला तुमचं झाड मानवलं की त्याला पुढे कोणी अडवणारं नाही.

शिवाय डोळकाडी रोग आणते तसा सायलाही आणतो. हा तिळाएवढा उडता कीडा नवतीवर अंडी घालतो आणि पिल्लं रस पिता पिताच जंतू उचलतात. भारतात हे सिद्ध केलं ते पुण्यात काम करणाऱ्या कपूर, राव आणि विश्वनाथ यांनी, 1967 मध्ये. गंमत अशी की जंतूची पोथी वाचायला पुढे चाळीसेक वर्षं लागली, कारण तो बशीत वाढवता येत नाही. नावापुढचं ते "कँडिडेटस" म्हणजे "अजून हाती यायचा आहे" अशीच खूण आहे. अखेर 2009 मध्ये फ्लोरिडातल्या एका, हो, एकाच सायला किड्याच्या पोटातल्या जंतूंवरून ती जुळवली गेली. सुमारे 12 लाख अक्षरं, खैऱ्याच्या पाव हिश्श्याहूनही कमी. दुसऱ्याच्या घरात राहणाऱ्याला स्वतःची भांडीकुंडी कशाला लागतात?

तर ताई, पॉझिटिव्ह झाड काढावं लागेल, जीव तुटला तरी. कापण्याआधी त्यावर सायलासाठी फवारणी करा, नाहीतर कुऱ्हाड पडली की तेच किडे उडून शेजारच्या झाडावर बसतील. बाकीच्या 26 वर खूण करा, थंडीत पुन्हा नमुने द्या. आणि त्यातल्या एकाचीही डोळकाडी कोणाला देऊ नका. नातेवाईक मागायला येतील, चहा पाजा, काडी देऊ नका.

प्रश्न : सायला कढीपत्त्यावर राहतो असं वाचलं. आमच्या विहिरीजवळ जुना कढीपत्ता आहे, सासूबाई तोडू देत नाहीत. काय करावं?

उत्तर : सायला कढीपत्त्यावर राहतो, वाढतो, हे खरं. जंतू मात्र कढीपत्त्यात फारसा घर करत नाही. अंगणात शोभेला लावलेली कुंतीही त्याच भावकीतली आहे आणि तिच्यावर सायला अजून खुशीत असतो. घरात फोडणी रोजची, तेव्हा झाड राहू द्या, पण उंच वाढू न देता छाटत राहा आणि कोवळ्या शेंड्यांवर पांढरी मेणासारखी तंतुमय विष्ठा दिसते का ते आठवड्यातून एकदा पाहा. दिसली तर शेंडे खुडून साबणाच्या पाण्यात बुडवा. हे काम सासूबाईंकडेच सोपवा, नजर त्यांची तुमच्यापेक्षा पक्की असेल.

प्रश्न : मी अमरावतीला कृषी पदवीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. खैऱ्या न लागणारं लिंबूवर्गीय झाड जीन बदलून करता येईल का? आणि जंतूत एवढं वैविध्य असताना ते टिकेल का?

उत्तर : पहिल्या प्रश्नाचं उत्तर, झालंय. खैऱ्याचा जंतू पानाच्या पेशीत एक प्रथिन सोडतो. ते पेशीच्या डीएनएवर एका ठरावीक जागी बसून लॉब-1 नावाचा जीन चालू करतं, पेशी फुगतात, फोड येतो. किल्ली जंतूची, कुलूप झाडाचं. 2017 मध्ये ग्रेपफ्रूटमध्ये आणि चीनमधल्या एका गोड संत्र्यात क्रिस्पर या जीन बदलण्याच्या तंत्राने हे कुलूपच बदलून पाहिलं. खैऱ्या पुष्कळ कमी झाला.

दुसऱ्या प्रश्नासाठी किल्ली नीट पाहा. त्या प्रथिनातही दातांसारखे पुन्हा पुन्हा येणारे तुकडे आहेत आणि साधारण एक दात डीएनएचं एक अक्षर ओळखतो. दात कमी-जास्त झाले की किल्ली दुसऱ्या कुलपाला लागू शकते. दातांचे असे वेगवेगळे संच बाळगणारे जंतू ज्या प्रदेशात जास्त, तिथे एकाच कुलपाच्या भरवशावर राहणारं झाड पहिल्यांदा हरेल असं मला वाटतं. म्हणून ब्राझीलमध्ये किंवा फ्लोरिडात टिकलेलं झाड जसंच्या तसं आपल्या मातीत आणण्याआधी इथल्या बगिच्यांतले जंतू त्यावर टोचून पाहायला हवेत, आणि तेही एकाच गावचे नकोत. बाळापूरचे घ्या, काटोलचे घ्या, अचलपूरचे घ्या, तेलंगणाच्या सीमेवरचेही घ्या. तुम्हाला शेवटच्या वर्षी प्रकल्प करायचाच असेल. वरच्या बाळापूरच्या काकांनी होकार दिला तर त्यांचा पत्ता कळवतो. पानं वर्तमानपत्रातच आणा.